‘उल्लेखनीय’ कोण, हे ठरवणार कोण? अंडरग्राउंड रॅप, विकिपीडिया आणि आपण



चाकण एमआयडीसीच्या पट्ट्यात, म्हणजे खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे, कुरुळी या भागात काम करताना तरुण पोरं आम्हाला सध्या एक प्रश्न वारंवार विचारतात. आपल्या रॅप करणाऱ्या पोरांचं विकिपीडियावर पान का नाही? आणि नसेल तर आपणच ते बनवून टाकायचं का? यावर कार्यकर्त्यांमध्ये दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं असं की, बिनधास्त बनवा, उडवलं तर जातीयवाद म्हणून रान उठवू. दुसरं असं की, विकिपीडिया त्यांचा आहे, आपल्याकडे यूट्यूब आहे, त्यांच्या दारात उभं राहायची गरजच काय? आम्हाला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. पहिलं उत्तर आळशी आहे. दुसरं स्वाभिमानाचं वाटतं, पण त्यात आपलाच तोटा आहे.

आधी दुसऱ्याचा निकाल लावू. एखाद्या गाण्यावर उद्या कुणी तक्रार केली, पोलीस ठाण्यात नाव गेलं, तर बातमी लिहिणारा वार्ताहर सगळ्यात आधी काय करतो? मोबाईल काढतो आणि नाव शोधतो. जिल्हा न्यायालयात उभा राहणारा वकील तेच करतो, फेलोशिपच्या मुलाखतीला बसलेला प्राध्यापक तेच करतो. आता तर यंत्रं उत्तरं देतात आणि त्या यंत्रांनी विकिपीडिया आधीच वाचलेला असतो. तिथे काही नसेल तर जे पहिलं छापून येईल तेच सत्य ठरतं, आणि आपल्या कलावंतांबद्दल जे पहिलं छापून येतं ते बहुतेक वेळा पोलिसांच्या प्रेसनोटमधून येतं.

पुण्यातल्या कबीर कला मंचाचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर उभी राहिलेली ही शाहिरी करणारी मंडळी. २०११ मध्ये यूएपीएखाली कारवाई सुरू झाली आणि त्यांच्या नावामागे एक शिक्का कायमचा लागला. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले, तोवर कित्येक लोकांना त्यांचं एकही गाणं ठाऊक नव्हतं, आरोप मात्र पाठ होता. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मंचाच्या दोघांना जामीन देताना म्हटलं होतं की विषमतेवर, भ्रष्टाचारावर बोलणं आणि चांगला समाज मागणं यावर देशात बंदी नाही. हे वाक्य किती जणांपर्यंत पोचलं? ज्ञानकोशात कोणती माहिती पहिल्या ओळीत येते आणि कोणती सातव्या परिच्छेदात जाते, यावर माणसांची आयुष्यं फिरतात. म्हणून ‘आम्हाला गरज नाही’ ही भूमिका आम्हाला परवडणारी नाही.

आता मुख्य भांडण. विकिपीडियाचा नियम असा की विषय ‘उल्लेखनीय’ हवा. म्हणजे विषयाशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह, प्रकाशित साधनांनी त्याची सविस्तर दखल घेतलेली हवी. स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालत नाही, इन्स्टाग्राम चालत नाही, मित्राने लिहिलेली पोस्ट चालत नाही. व्ह्यूज किती, याला तर काहीच किंमत नाही. इंग्रजी विकिपीडियावर पान वगळायचं की ठेवायचं यावर साधारण सात दिवस चर्चा चालते, आणि त्या चर्चेत ‘ही पोरं फार भारी आहेत’ या म्हणण्याला वजन नसतं. संदर्भ कुठे आहेत, एवढंच विचारलं जातं.

नियम वाईट नाही. पण तो जिथे लागू होतो ती जमीन सपाट नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्या काळी पुण्यातलं सर्वात वजनदार पत्र ‘केसरी’. त्या ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. आता क्षणभर कल्पना करा की १९२० मध्ये विकिपीडिया आहे. कुणीतरी ‘मूकनायक’चं पान बनवलं. चर्चेत पहिला प्रश्न येणार : स्वतंत्र, विश्वासार्ह साधनांत दखल आहे का? ‘केसरी’त पाहिलं तर एक ओळही नाही, जाहिरातसुद्धा नाही. ‘मूकनायक’चा स्वतःचा अंक पुरावा म्हणून चालणार नाही, कारण तो स्वतःबद्दल आहे. निकाल : पान वगळावे. सगळं नियमाला धरून झालं असतं, आणि वगळणाऱ्याच्या मनात जातीचा विचारही आला नसता. कारण ते काम त्याच्या आधी ‘केसरी’च्या कचेरीत उरकून झालं होतं.

शंभर वर्षांत हे बदललं असं म्हणणाऱ्यांनी १९९६ साली बी. एन. उनियाल यांनी ‘पायोनियर’मध्ये काय लिहिलं ते पाहावं. एका परदेशी वार्ताहराला दलित पत्रकाराशी बोलायचं होतं आणि दिल्लीत शोधून एक सापडेना. त्यानंतर तेवीस वर्षांनी, २०१९ मध्ये, ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने पाहणी केली. तपासलेल्या माध्यमांतल्या नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. ज्या खोलीत आपला एकही माणूस बसत नाही, त्या खोलीने आपली दखल घेतली नाही हा आपल्या अपात्रतेचा पुरावा कसा होतो? आणि याच वर्तमानपत्रांनी २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण महाराष्ट्रातच गाजलं होतं. तरी ती ‘विश्वासार्ह’. बरं.

मग ही माध्यमं आपल्या रॅपरकडे वळतात केव्हा? आम्ही गेल्या काही वर्षांच्या बातम्या डोळ्यांसमोर आणतो तेव्हा तीनच वेळा दिसतात. सिनेमा आला की, पोलीस आले की, आणि माणूस मेला की.

मुंबईचा ‘स्वदेसी’ हा समूह घ्या. २०१३ च्या सुमारास उभा राहिला. मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांत लिहिणारी पोरं, कुठल्या मोठ्या कंपनीच्या करारात नाहीत. २०१९ मध्ये त्यांनी ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते आणि कलावंत प्रकाश भोईर यांच्यासोबत. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्रीपासून आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पाडली गेली, सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली होती. म्हणजे गाणं आधी आलं, कुऱ्हाड नंतर. या समूहातला एमसी तोडफोड, धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा. मार्च २०२२ मध्ये वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या आणि मथळ्यांत तो कोण होता? ‘गली बॉय’चा रॅपर! त्या सिनेमातल्या ‘इंडिया ९१’ या एका गाण्यात तो इतर अनेकांबरोबर होता, आणि रणवीर सिंगने श्रद्धांजली वाहिली म्हणून बातमी मोठी झाली. स्वतःच्या समूहासोबत वर्षानुवर्षं केलेलं काम खालच्या परिच्छेदात.

पोलिसांचा प्रकार तर ताजा आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या रॅपरवर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला, कारण सत्तांतरावरचं त्याचं मराठी गाणं राज्यकर्त्यांना झोंबलं. त्याच महिन्यात मुंबईत आणखी एका रॅपरवर आणि पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत रॅप चित्रित करणाऱ्या एका तरुणावरही गुन्हे नोंदले गेले. आठवडाभर सगळे चॅनेल रॅपमय झाले. आता गंमत पाहा. विकिपीडियाचा दुसरा एक नियम सांगतो की जिवंत माणूस एकाच घटनेमुळे बातमीत आला असेल तर त्याच्यावर वेगळं पान करू नये. नियम चांगल्या हेतूचा आहे, सामान्य माणसाची बदनामी कायमची चिकटू नये म्हणून. पण माध्यमं गुन्हा दाखल होईपर्यंत येतच नाहीत, आणि गुन्ह्यामुळे आली तर ‘एकच घटना’ म्हणून ती दखल मोजत नाहीत. कलावंत दोन्हीकडून बाद.

इथे आमचं म्हणणं नियम मोडा असं नाही, नियम नीट वाचा असं आहे. संगीतसमूहांसाठी इंग्रजी विकिपीडियावर जे निकष आहेत त्यांत चार्टवर चढलेलं गाणं, मोठ्या कंपनीकडून आलेले अल्बम, पुरस्कार अशा गोष्टी येतात. त्याच यादीत आणखी एक निकष आहे : समूह एखाद्या शहराच्या स्थानिक संगीतविश्वाचा सर्वात ठळक प्रतिनिधी असणे. अर्थात त्यालाही पुरावा लागतोच. पण हा निकष अंडरग्राउंडसाठीच आहे, आणि पानं तपासणारे संपादक भारतातल्या समूहांपुढे तो क्वचितच उघडतात असा आमचा अनुभवावरचा आरोप आहे. बॉलीवूडशी धागा आहे का, एवढंच पाहतात.

दुसरी गोष्ट ‘स्वतंत्र साधन’ या शब्दाची. स्वतंत्र म्हणजे विषयाच्या मालकीचं, नात्याचं, पैशाचं नसलेलं. त्याचा अर्थ वेगळ्या विचाराचं असा होत नाही. आंबेडकरी नियतकालिकाने आंबेडकरी रॅपरवर लेख छापला की ‘हे तर यांचंच’ म्हणून बाजूला सारणारे आम्ही पाहिलेत. सवाई गंधर्व महोत्सवाच्या परंपरेवर मनापासून प्रेम करणारा समीक्षक तिथल्या गायकावर लिहितो तेव्हा त्याला कुणी कार्यकर्ता म्हणतं का? त्याला जाणकार म्हणतात. आमच्या जाणकाराला ‘ॲक्टिव्हिस्ट’ म्हणून वगळायचं आणि त्यांच्या भक्ताला समीक्षक म्हणून घ्यायचं, हा तटस्थपणा कसला? संपादकमंडळ असलेलं, नियमित निघणारं, चूक झाली तर दुरुस्ती छापणारं आंबेडकरी नियतकालिक हे साधनच आहे. तसंच पीएचडीचे प्रबंध, शोधनिबंध, चर्चासत्रांची प्रकाशित पुस्तकं. यातलं बरंचसं मराठीत आहे आणि मराठी संदर्भ चालतो, इंग्रजीच हवा असा कुठेही नियम नाही. हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

आणि संपादक चुकतच नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी डोना स्ट्रिकलंड यांचं प्रकरण आठवावं. कॅनडातल्या या भौतिकशास्त्रज्ञ बाईंचं पान मे २०१८ मध्ये नाकारलं गेलं, संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि त्याच दिवशी पान झालं. कॅनडाच्या गोऱ्या प्राध्यापिकेला नोबेल मिळवावं लागलं, तर म्हाळुंग्याच्या भाड्याच्या खोलीत भिंतीला गोधडी टांगून मोबाईलवर रेकॉर्डिंग करणाऱ्याने काय मिळवायचं?

इतकं सगळं बोलून झाल्यावर आता आम्ही पहिल्या उत्तरवाल्या भावांकडे वळतो. ‘बनवून टाका, उडवलं तर बोंब मारू.’ भावांनो, पान उडालं की दरवेळी त्यामागे जातच असते असं नाही. पुष्कळदा आपण लिहिलेलं पान खरोखर उडवण्याच्या लायकीचं असतं. ‘महाराष्ट्राचा बुलंद आवाज’, ‘लाखो तरुणांचे प्रेरणास्थान’, खाली एकही संदर्भ नाही, आणि लिहिणारा त्या रॅपरचा रूममेट. याला फ्लेक्स म्हणतात. तो चौकात लावावा. बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ लिहिताना प्रत्येक दाव्याला ग्रंथाचा आधार दिला. त्यांच्याकडे संताप कमी नव्हता, तरी त्यांनी आधार दिला. कालामांना तथागतांनी सांगितलं ते हेच की परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून मानू नका. ‘आपला भाऊ सांगतो म्हणून’ हेही त्यातच आलं. पडताळणीचा आग्रह ही आपल्या धम्माची आणि चळवळीची शिस्त आहे, तिला शत्रूचं हत्यार समजू नका.

याहून गंभीर एक बाब आहे आणि ती चाकणमध्ये बसूनच नीट कळते. इथे रॅप करणारी बरीच पोरं नांदेड, परभणी, वाशीम, बुलढाण्यातून आलेली, ठेकेदाराकडे कामाला. गेटपासवर एक नाव, ट्रॅकवर दुसरं. गाण्यात ठेकेदाराचा उद्धार असतो, पीएफ कापून न भरल्याचा हिशेब असतो, बारा तासांच्या ड्युटीला आठ तासांचा पगार असतो. टोपणनाव ही त्यांची हौस नाही. ते त्यांचं हेल्मेट आहे. आणि आपला एखादा उत्साही भाऊ अभिमानाने पानावर लिहितो : खरं नाव अमुक, गाव तमुक, सध्या अमुक प्लांटमध्ये कार्यरत. सोमवारी गेटवर पास चालत नाही. कुणी कारणही देत नाही, ठेकेदारीत कारण लागत नाही. विकिपीडियाचाच नियम आहे की जिवंत व्यक्तीचं खरं नाव, जन्मतारीख आधीच सर्वत्र प्रसिद्ध झालेली नसेल तर देऊ नये. हा नियम आपल्यासाठी ढाल आहे. ज्या पोराला पान नको आहे त्याला ते नसण्याचा अधिकार आहे, आणि आपल्या अस्मितेसाठी त्याची रोजी धोक्यात घालायचा अधिकार आपल्याला नाही. पान करायचं तर समूहाचं करा, गाण्यांचं करा, माणसाच्या घरात शिरू नका.

जातीचंही तेच. जिवंत माणसाची जात त्याने स्वतः जाहीरपणे सांगितली नसेल तर विकिपीडियावर लिहायची नाही, असा संकेत भारताशी संबंधित पानांसाठी आहे. आडनावावरून जात ओळखून लिहिणं हे आपण मनुवाद्यांकडून शिकायचं काम नव्हे. मात्र ज्याने स्वतः माइकवर उभं राहून बाबासाहेबांचं नाव घेतलं, ज्याच्या ओळीच जातीविरुद्ध आहेत, त्याच्याबद्दल ‘विविध सामाजिक विषयांवर गाणी करतो’ असं लिहिणं ही धुलाई आहे. ‘सामाजिक विषय’ म्हणजे काय, प्लॅस्टिकबंदी? गली बॉयमध्ये ‘आज़ादी’ची घोषणा आली तेव्हा जेएनयूच्या आवारात त्या घोषणेसोबत असलेला मनुवाद आणि ब्राह्मणवाद वाटेतच गळून पडला होता. तेरा फिल्मफेअर मिळाले. ज्ञानकोशाने तरी अशी कात्री लावू नये. गाण्यात जात हा शब्द असेल आणि समीक्षकाने तो नोंदवला असेल, तर पानावर जात हाच शब्द आला पाहिजे.

उलट बाजूनेही प्रामाणिक राहू. ‘स्वदेसी’ समूहातले सगळे एका विचाराचे, एका समाजाचे नाहीत. त्यांना परस्पर ‘आंबेडकरी रॅप ग्रुप’ म्हणून टाकणं चूक ठरेल. आरेचं, आदिवासींचं, शहरातल्या कष्टकऱ्यांचं ते गातात, त्यांनी जे म्हटलं ते लिहा. अमरावतीचा हंड्रेडआरबीएच, सौरभ अभ्यंकर, त्याच वर्तुळातला. त्याच्या गाण्यात बाबासाहेब उघड येतात, तिथे ते लिहा. आपली माणसं जास्त दिसावीत म्हणून दुसऱ्याच्या अंगावर निळा रंग ओतायचा नाही.

आम्हाला व्यक्तिशः सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा, वामनदादा, विलास घोगरे आणि आजचा रॅप ही एकच वाट वाटते. वामनदादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफत, आणि आजचा रॅपर ट्रॅकच्या सुरुवातीलाच नाव ठोकून देतो. कारण एकच : आपल्या कडव्यावर दुसऱ्याचं नाव लागतं हा अनुभव. पण हे आमचं मत आहे. कुणा अभ्यासकाने ते छापून मांडलेलं नसेल तोवर विकिपीडियावर ते लिहिता येणार नाही, ‘स्वतःचं संशोधन’ म्हणून काढलं जाईल, आणि ते काढणं बरोबरच असेल.

मग ते छापायचं कुणी? इथे भीमराव कर्डकांकडे पाहा. नाशिककडचा हा माणूस गावोगाव जलसे घेऊन फिरला, आणि उतारवयात, १९७८ मध्ये, ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून गेला. आज जलशावर कुठेही एक ओळ लिहायची म्हटली तर त्या पुस्तकाशिवाय पान हलत नाही. त्यांच्या काळच्या कुठल्या प्रस्थापित संपादकाने ते काम केलं नाही, त्यांनी ते स्वतः केलं. ज्या जलसाकारांनी लिहून ठेवलं नाही, त्यांची नावं गेली. नुसती गेली.

विकिपीडियाने आपल्या बाजूनेही काही देणं लागतं. २०११ मध्ये अचल प्रभला यांच्या पुढाकाराने भारत आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग झाला होता. ज्या गोष्टी पुस्तकात नाहीत त्या जाणत्या लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून संदर्भ म्हणून वापरायच्या. प्रयोगाला पैसा विकिमीडिया फाउंडेशनचा होता, पण संपादकांच्या समूहाने तो रस्ता नियम म्हणून काही स्वीकारला नाही. लिहिलेलं तेच ज्ञान, बोललेलं ते गप्पा, ही समजूत आपल्याला नवी नाही. ज्यांना लिहिण्यावाचण्याची बंदी होती त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागायचा! मौखिक साधनांचा प्रश्न पुन्हा उघडायला हवा आणि तो उघडायला आपले संपादक तिथे हवेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. नियमित काम करणारे थोडे आहेत, म्हणजे आपल्यातले दहा जण शिस्तीने बसले तरी फरक पडेल. बाहेरून शिव्या घालण्यापेक्षा ते अवघड आहे, मान्य.

तोवर या पट्ट्यातल्या पोरांनी काय करायचं ते सांगतो. देहूरोडच्या विहारात, जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, किंवा आपापल्या वस्तीतल्या विहारात जिथे कार्यक्रम होतो तिथे एक वही ठेवा. कोण गायलं, कोणतं गाणं, तारीख, किती लोक. व्हिडिओखाली गीतकाराचं, बीट बनवणाऱ्याचं टोपणनाव टाका. आपल्यातल्या एमए, एमफिल झालेल्यांनी ‘भावा आग लावली’ या कमेंटच्या पुढे जाऊन दीड हजार शब्दांचं परीक्षण लिहावं आणि ज्या नियतकालिकाला संपादक आहे तिथे पाठवावं, मित्राच्या ग्रुपवर नाही. परीक्षणात उणं असेल ते उणं म्हणावं, म्हणजे ते परीक्षण म्हणून उभं राहील. आणि ज्याने हे लिहिलं त्याने विकिपीडियावर पान बनवू नये, दुसऱ्याने बनवावं.

पान बनवण्याआधी त्या पोराला विचारा, तुझं कोणतं नाव टाकायचं.